व्याख्यानाला निघालेलं घर

व्याख्यान असलं की आमच्या घरी स्वयंपाक पाचलाच उरकायचा. मुगाची खिचडी नाहीतर पिठलं-भाकरी, जे झटपट होईल ते. भांडी परत आल्यावर. काकूंचं विणकाम, अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कचेरीतून आणलेले कागद, आमचा गृहपाठ, सगळं बाजूला पडायचं. आजोबा कोट-टोपी चढवून सहालाच ओट्यावर येऊन बसायचे आणि आतल्यांना हाका मारायचे, कारण पुढची जागा गेली की त्यांना नीट ऐकू यायचं नाही. नाशिकला पंचवटीत आमचा वाडा. आजी-आजोबा, दोन कुटुंबं, सख्खी-चुलत मिळून आम्ही सहा भावंडं. सिनेमाला जायचं तर आम्हाला परवानगी लागे. व्याख्यानाला जायचं नसेल तर कारण द्यावं लागे.

सत्तरच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मराठी घरांत असंच होतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावी हे रोप लागत गेलं. नाशिकची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात. उघड्यावर बसायचं आणि उकाड्यात नदीवरून येणारी वाऱ्याची झुळूक घेत ऐकायचं. ती गावाची होती, घरच्यासारखी. मला सांगायचंय ते मात्र दुसऱ्या व्याख्यानांबद्दल, थंडीत होणाऱ्या. ती विद्यापीठाची असत.

विद्यापीठ होतं दोनशे किलोमीटरवर, पुण्याला. १९४९ साली ते सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे बारा जिल्हे होते. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुण्याकडे पाच उरले: पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. एवढ्या मुलखातल्या किती लोकांना गणेशखिंडीतली ती राज्यपालांची जुनी इमारत कधी बघायला मिळणार होती? म्हणून विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ. प्राध्यापकांनी एसटीत बसायचं, तालुक्याच्या गावी जायचं आणि कॉलेजच्या सभागृहात सर्वांसाठी बोलायचं. फी नाही, नावनोंदणी नाही, पदवीची अट नाही. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावानं जी व्याख्यानमाला चालते, ती याच मंडळाची. मराठी समाजावर या मंडळाचे केवढे उपकार आहेत, हे कुणी सविस्तर लिहायला हवं. विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरूंचे फोटो असतात. एसटीच्या खिडकीशी बसून टाचणं वाचत येणाऱ्या त्या माणसांचे नसतात.

आम्ही चालत जायचो. पंचवटी कारंजा, होळकर पूल, रविवार कारंजा, अशोकस्तंभ आणि तिथून पुढे कॉलेज रोड. सभागृहात पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. टेबलावर हिरवं कापड, तांब्या-भांडं, शेजारी फुलदाणीत शेवंती. प्रास्ताविक, परिचय, हार, आणि मग वक्ते उभे राहिले की माईकवाला धावत जाऊन माईकची मान वरखाली करायचा. परिचय लांबला की आजोबा घड्याळ काढून बघत, तेही शेजारच्याला दिसेल असं. व्याख्यान तासाभराचं. त्यानंतर अर्धा तास प्रश्नांचा. स्वयंसेवक मुलं कोऱ्या चिठ्ठ्या वाटायची, लिहून झाल्या की गोळा करून अध्यक्षांसमोर ठेवायची. अध्यक्ष एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्यानं वाचायचे.

माझी आई निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. सातवीची फायनल झाली आणि शाळा सुटली. लग्नानंतर या घरात आली तेव्हा पुरुषमाणसं व्याख्यानाला जात आणि बायका मागे राहत. ते मोडलं आजीनं. ‘कीर्तनाला आम्ही चालतो, मग इथं का नाही?’ एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या खेपेला तिघी निघाल्या. हे मला काकूंनी सांगितलं. मला कळतंय तेव्हापासून आई पुढून तिसऱ्या ओळीत, मांडीवर वही घेऊन बसलेली. वाण्याच्या हिशेबाची वही, उलट्या बाजूनं उघडलेली. वर विषय, वक्त्यांचं नाव, खाली चार-पाच ओळी आणि शेवटी एक प्रश्न. बहुतेक प्रश्न वहीतच राहायचे.

एक राहिला नाही. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि रोजगार हमी योजनेवर व्याख्यान होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हा त्यामागचा विचार. वक्ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. फळ्यावर आकडे मांडत होते, खडी फोडण्याचे दर, बंडिंगचे दर. आईनं चिठ्ठी मागितली, लिहिली, दुमडली आणि तिच्यावर नाव घातलं. सौ. अमुक नव्हे, स्वतःचं नाव. अध्यक्षांनी वाचली: कामावर आलेल्या बाईचं तान्हं मूल उन्हात कोण सांभाळणार? सभागृह गप्प. प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, या बाईंनी जे विचारलंय ते माझ्या आकड्यांत नाही आणि ते असायला हवं. मग दहा मिनिटं ते त्यावरच बोलले. कामाच्या जागेवर सावली, पिण्याचं पाणी, पाळणा, त्याला खर्च किती येईल, तो कोणी द्यायचा. परत येताना होळकर पुलावर अप्पा थांबले आणि आईला म्हणाले, ‘तू मला आधी सांगितलं असतंस तर मी चिठ्ठी लिहून दिली असती.’ आई म्हणाली, ‘म्हणूनच नाही सांगितलं.’

त्या रात्री तिचा चेहरा आम्ही सहाही जणांनी पाहिलाय. एकदा विद्यापीठानं तिला गंभीरपणे उत्तर दिलं, आणि तेवढं तिला जन्मभर पुरलं.

खरं व्याख्यान घरी आल्यावर सुरू व्हायचं. भांडी घासता घासता, अंथरुणं घालता घालता. काका काँग्रेसचे, अप्पा समाजवाद्यांकडे झुकलेले, आजोबांना दोघांचंही पटत नसे. आजोबांचा नियम एकच: समोरचा काय म्हणाला ते आधी त्याला पटेल असं सांगायचं, मग आपलं. काकांना हे फार जड जाई. पण ते करायचे. बँकांचं राष्ट्रीयीकरण, बांगलादेश, पोखरण, शिक्षणातलं दहा अधिक दोन अधिक तीन, सगळं आमच्या माजघरातून गेलंय. आणीबाणीतले हिवाळे मात्र वेगळे गेले. विषय सौम्य झाले आणि घरातही आवाज खाली आले. १९७७ च्या निवडणुकीनंतर मग सभागृहात पाय ठेवायला जागा नसे.

नरहर कुरुंदकर, ग. प्र. प्रधान, प्राचार्य शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. कुरुंदकर नांदेडहून येत आणि कितीही अवघड प्रश्न असला तरी त्याची मुळापासून मांडणी करत. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला एका कार्यक्रमात हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्या दिवशी आमच्या घरी चूल उशिरा पेटली.

आता आजोबांबद्दल सांगते. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्याच हिवाळ्यात विषय आला नामांतराचा. वक्ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक, वयानं तरुण. सभागृहात कुजबुज होती, मागून दोघांनी ओरडून बघितलं. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, प्रश्नाला अर्धा तास आहे, तोवर ऐकून घ्या. ऐकून घेतलं गेलं. वक्ते म्हणाले, नावाचा प्रश्न विद्यापीठाच्या दारापासून सुरू होत नाही. तुमच्या गावात तो १९३० साली देवळाच्या दारापाशी विचारला गेलाय.

काळाराम मंदिर आमच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. रोज तिथूनच शाळेत जायचो आम्ही. मंदिरप्रवेशासाठी तिथं दलितांचा सत्याग्रह झाला होता हे पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. त्या रात्री घरी वाद सुरू झाला. काका म्हणत होते, नाव बदलून काय होणार. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी होतो तिथं.’ १९३० साली ते सतरा वर्षांचे. २ मार्चला सत्याग्रहींची मैलभर लांब मिरवणूक आली, देवळाचे दरवाजे बंद होते, ते त्यांनी पाहिलं. आणि ९ एप्रिल, रथ ओढायचा दिवस. रथ सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, ते मोडलं गेलं आणि दगडफेक झाली. आजोबा म्हणाले, ‘माझ्या हातात दगड होता. मारला नाही. पण टाकूनही दिला नाही. घरी येईपर्यंत हातातच होता.’

अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आजीलाही नाही. दादानं विचारलं, मग आज तुमचं मत काय? ‘नाव द्यायला पाहिजे,’ आजोबा म्हणाले. काका उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी शाळेत जाताना आम्हा पोरांना देवळाच्या पूर्वेच्या दारापाशी उभं केलं आणि कुठं काय घडलं ते जसं आजोबांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. त्यांचं मत बदललं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी ते सांगितलं, एवढं मला माहीत आहे. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा आजोबा नव्हते. ती बातमी आईनं वहीत त्याच १९७८ च्या पानावर, उरलेल्या जागेत लिहून ठेवली.

याच वातावरणात धाकटी बहीण वादविवाद स्पर्धांत शिरली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जोडीजोडीनं बोलायचं, एक बाजूनं, एक विरुद्ध. पहिली घंटा वाजली की समारोप, दुसरी वाजली की खाली. तयारी घरी व्हायची. काका मुद्दाम तिच्या विरुद्ध बाजू घेत आणि आजी देवघरातल्या पितळेच्या घंटेनं वेळ देई. धाकटी पुण्याला विद्यापीठात स्पर्धेसाठी जाऊन आली तेव्हा आम्ही तिला निकाल विचारला. आईनं विचारलं, जयकर ग्रंथालय आतून कसं आहे?

१९८० च्या नोव्हेंबरात कांदा आणि उसाच्या भावासाठी शेतकरी संघटनेचं आंदोलन पेटलं, नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे बंद पडली. त्यानंतरच्या व्याख्यानाला निफाडहून माझे मामा आले होते. वक्त्यांचं म्हणणं, कांदा महाग झाला तर शहरातला गरीब भरडला जातो. आकडे चोख होते. मामांनी चिठ्ठी लिहिली नाही, उभे राहिले. ‘सर, तुमचं गणित बरोबर असेल. त्यात माझी रात्रीची पाण्याची पाळी कुठं धरलीय?’ अध्यक्षांनी त्यांना बसवलं नाही. व्याख्यान संपल्यावर वक्ते खाली उतरले, मामांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि रोप, खत, मजुरी, चाळ, हमाली, आडत असं एकेक विचारून लिहून घेतलं. रात्री एसटी चुकली म्हणून दोघंही आमच्याच घरी जेवले आणि बारापर्यंत भांडले. सकाळी मामा त्यांना सीबीएस बसस्थानकावर सोडायला गेले.

लोक म्हणतात टीव्हीनं व्याख्यानं मारली. मला हे पटत नाही. टीव्ही आला तेव्हाही आमचं घर जात होतं. आमच्याकडे व्याख्यानं आटली ती वेळ बदलल्यामुळे. संध्याकाळची व्याख्यानं हळूहळू सकाळी अकराला होऊ लागली, कॉलेजच्या तासाला. वर्गातली मुलं समोर बसवायची, हजेरी घ्यायची, फोटो काढायचा. अकराला अप्पा कचेरीत, आई चुलीपाशी, मामा शेतात. वक्ते तेच, विषयही चांगले, पण गाव दाराबाहेर राहिलं. चिठ्ठ्याही गेल्या. उलट गणेशखिंडीतच, विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी व्याख्यानं ठेवली. नारळीकरांसारखा शास्त्रज्ञ मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत उभा राहायचा आणि सभागृह भरून जायचं, हे माझ्या भाच्यांनी पाहिलंय. सोयीची वेळ आणि खुलं दार असलं की माणसं येतात.

धाकटी लग्न होऊन गोव्याला गेली. तिथं पणजीला कला अकादमीत डी. डी. कोसंबी विचार महोत्सव सुरू झाल्यापासून ती जाते आहे. गोवा विद्यापीठानं कोसंबी, बाकीबाब बोरकर यांच्या नावानं अभ्यागत प्राध्यापकांची पदं केली आहेत आणि त्यांची व्याख्यानं कुणालाही ऐकता येतात. ताळगावच्या पठारावर चढून ती तिथंही बसते. पहिल्यांदा गेली तेव्हा रात्री फोन करून तासभर व्याख्यान सांगितलं, आधी वक्त्याला पटेल असं, मग आपलं.

आईची वही आता माझ्याकडे आहे. दादाला तिची प्रत हवी होती म्हणून मध्यंतरी सगळी पानं फोटो काढून भावंडांना पाठवली. कांद्याच्या पानावर तिनं शेवटी लिहिलंय: सर बरोबर, निफाडचा दादाही बरोबर, मग चूक कोण? त्यावरून आमचं पुन्हा सुरू झालंय. धाकटी म्हणते, सरकार. मी म्हणते, कांदा चार रुपयांनी वाढला की ओरडणारे आपण. दादानं २०२३ च्या निर्यातबंदीनंतरचे लासलगावचे भाव काढून पाठवले आहेत, त्यावर त्याचं म्हणणं वेगळंच आहे. मी ते त्याला पटेल असं लिहून दिलं. पण मला ते पटलेलं नाही, आणि रविवारी तो येतोय तेव्हा मामांच्या नातवालाही बोलावलंय.