बक्षीराम आणि अण्णा

इतिहासाच्या तासाला सरांनी १८८६ सालच्या लंडनमधल्या 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन'ची हकीकत सांगितली. ४ मे रोजी व्हिक्टोरिया राणीने साउथ केन्सिंग्टनला त्याचे उद्घाटन केले. सहा महिन्यांत सुमारे ५५ लाख माणसे ते पाहून गेली. वसाहतींचा माल तिथे मांडला होता, आणि मालाबरोबर माणसेही.

भारतीय विभागात आग्र्याहून नेलेले ३४ कारागीर लोकांसमोर बसून काम करीत. पाहणाऱ्यांना वाटे, ही हिंदुस्थानच्या खेड्यांतली पिढीजात कारागीर मंडळी. प्रत्यक्षात त्यांतले बरेच आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. गालिचे विणण्यासारखी कामे ते तुरुंगातच शिकले होते. त्यांना घेऊन गेले तेही त्या तुरुंगाचे अधीक्षक, डॉ. टायलर! गिरणीच्या कापडाने इथले माग बंद पाडायचे आणि तिकडे इथल्या विणकराचे कौतुक करायचे, असा तो न्याय होता.

त्या मंडळींत बक्षीराम नावाचा कुंभार होता. त्याचे वय १०२ सांगत. राणीच्या सांगण्यावरून रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ते ऑस्बर्न हाउसमध्ये आजही आहे.

सरांनी ते चित्र दाखवले आणि मी मान खाली घातली. माझे अण्णा कुंभार आहेत.

मी बारावीत असताना शहरात ग्रामजीवनाचे एक प्रदर्शन भरले होते. तिथे अण्णांना बोलावणे आले. संयोजकांनी त्यांना मनगटावरचे घड्याळ काढायला लावले, शर्ट-पँटऐवजी धोतर-फेटा दिला. घरी अण्णांचे चाक विजेवर चालते. तिथे काठीने फिरवायचे जुने चाक ठेवले होते. लोक थांबत, "किती साधी माणसं!" म्हणत आणि पुढे जात.

माझ्या वर्गमैत्रिणी आल्या. त्यांनी फोटो काढले. एक म्हणाली, "तूपण बस ना ह्यांच्याशेजारी." मी म्हणाले, "नको." ते माझे वडील आहेत, हे मी सांगितले नाही. अण्णांनी सारे ऐकले. रात्री एस.टी.त एवढेच म्हणाले, "गर्दी बरी होती."

त्रैलोक्यनाथ मुखर्जी त्या लंडनच्या प्रदर्शनात कामासाठी होते. लोक आपल्याकडे कसे टक लावून पाहत, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्यांना लिहिता येत होते, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. बक्षीरामाला काय वाटले, हे मात्र चित्रातून कळत नाही. इतिहासात अशा प्रदर्शनांची नोंद तिकिटांच्या आकड्यांनी होते. चाकावर बसलेल्या माणसाला कुणी विचारीत नाही.

मलाही लिहिता येते. त्या दिवशी मात्र बोलता आले नाही.

त्या मैत्रिणींपैकी दोघी याच कॉलेजात आहेत. हा अंक त्यांच्या हाती पडेलच. तो फोटो अजून असेल, तर त्यांनी त्याखाली एवढेच लिहावे: 'हे हिचे वडील.'