मांगरातलं मशीन

आमच्या देवबागेत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. होडीच्या मागं लावायच्या इंजिनाला इथं सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. काकांचं मशीन जपानी, ८ हॉर्सपॉवरचं, रॉकेलवर चालणारं. २००९ साली काकांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, आणि मशीन गोणपाटात गुंडाळून मांगरात ठेवलं गेलं. ते ११ वर्षं तिथंच होतं.

२०२० साली काकांचा धाकटा गोव्यातली हॉटेलची नोकरी सुटून घरी आला. नवं मशीन घ्यायला पैसे नव्हते. भंगारवाला जुन्याचे ॲल्युमिनियमच्या भावानं पैसे द्यायला तयार होता. धाकट्यानं मला विचारलं, "दादा, ह्या चालू होयत काय?" मी मुंबईच्या वर्कशॉपात उमेद घालवून नुकताच गावी परतलेलो. म्हटलं, बघू.

मला भीती होती ती पिस्टन धरल्याची. खाऱ्या हवेत एवढी वर्षं पडलेलं मशीन, आत गंज चढला असेल तर संपलंच. पण फ्लायव्हील हातानं फिरवलं तर ते मऊ फिरलं. प्लग काढून आत बोट घातलं, बोटाला तेल लागलं.

"कोणी घातलं हे?"

काका काकीकडे बघून हसले, अर्ध्या तोंडानं. दर वर्षी पाऊस सरला की ते खाटेवरून हुकूम सोडायचे आणि काकी प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडून दोरी हळूहळू ओढायची. तेवढ्यानं म्हाताऱ्याला रात्री झोप लागायची. काकीला दर्या कधीच आवडला नाही, आजही नाही.

पुढचं काम चिवट होतं. प्लगला ठिणगीच नव्हती. फ्लायव्हील काढलं, खालच्या पॉइंटवर पांढरट थर धरला होता. तो पॉलिश पेपरनं घासला आणि मांगराचं दार लोटून, प्लग मशीनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. काळोखात निळी ठिणगी पडली तेव्हा धाकटा "गे बाय!" म्हणून ओरडला. कार्बुरेटरनं मात्र दोन दिवस खाल्ले. आतलं पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं, मागं उरली होती राळेसारखी चिकट घाण. जेट पितळेचा, त्यात लोखंडी तार घातली की भोक मोठं होतं आणि मशीन कायमचं जास्त पितं. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घेऊन ते मोकळं केलं.

शेवटी पाण्याचा पंप. त्यातलं रबरी चाक एकाच जागी दबून राहिल्यामुळं त्याच्या पाकळ्या वाकड्याच कडक झाल्या होत्या. मालवणात तसं चाक मिळालं नाही, वास्कोहून मागवलं, दोन आठवडे गेले. ते न बदलता मशीन चालवणं म्हणजे मशीन मारणं. समुद्राचंच पाणी आत फिरून त्याला थंड ठेवतं आणि मागून बारीक धार बाहेर पडते. धार थांबली की थोड्याच वेळात मशीन तापून धरतं. काकांचा सगळा धंदा त्या धारेवर नजर ठेवून झाला. "आधी धार बघ, मगे आवाज ऐक."

अंगणात गोड्या पाण्याचं पिंप भरून त्यात मशीनचा पाय सोडला. हे मशीन थंड असताना रॉकेलवर पेटत नाही. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक फिरवायचा, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. (रेशनचं रॉकेल आमच्याकडे येईनासं झालंय, ती निराळी रड. धाकटा आता नुसतं पेट्रोल जाळतो.) पंचवीसएक वेळा दोरी ओढली असेल. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, मग भडकलं. अंगणभर निळा धूर, कोंबड्या पसार.

काकांना कुणीतरी खाटेसकट पडवीत आणलं होतं. धुरातून त्यांना काही दिसेना. "धार इली?" त्यांनी तीनदा विचारलं. आली होती.

काकी चुलीपाशी होती. मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा म्हणाली, "अकरा वर्सा मीच तेल घातलंय. माका काय म्हायत, ह्या माझ्या पोराकच दर्यात नेतला म्हणान!" मला उत्तर सुचलं नाही. बाहेर मशीन चालू होतं, आणि ते बंद कर म्हणून मला कुणीच सांगत नव्हतं, तीसुद्धा नाही.

नारळी पौर्णिमेनंतर धाकटा पहिल्यांदा खाडीच्या मुखापर्यंत जाऊन आला. तोवर काकी खाडीकाठी माडाला टेकून उभी होती, हातात उगाचच कोयता. होडी वळणावर दिसायच्या आधी आवाज आला, तशी ती घरात निघून गेली. धाकट्यानं मशीन पिंपात सोडून गोड्या पाण्यात फिरवून घेतलं, अंगातलं मीठ काढायला. बांगडे थोडेच मिळाले होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"धार कशी होती?"

"कोमट."

"मगे बरा," काका म्हणाले, आणि काकीला चहा ठेवायला सांगितलं.