पावती नसलेले पाणी

लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीत कुणाला पाण्याची ददात असेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख. माथ्यावर 1930 साली ब्रिटिश अमदानीत बांधलेले धरण. जवळच वळवणचा जलाशय. या परिसरातले पाणी नळांतून घाट उतरते आणि खोपोलीच्या वीजगृहात 1915 पासून वीज निर्माण करीत आले आहे.

उपवासकाळात सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळातर्फे आम्ही तेथे गृहभेटीस गेलो होतो. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी हे कार्य आरंभिले. गरिबाने आपल्या दारी येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जावे, ही त्याची रीत. थकलेली पाणीपट्टी भरण्यासाठी आम्ही थोडा निधी बाजूला ठेवला होता. नियम एकच : देयक दाखवावे, रक्कम मंडळ परस्पर भरील.

बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईच्या खोलीत आम्ही बसलो. नळाला दोन दिवस पाणी नव्हते. आम्ही देयक मागितले. ती म्हणाली, "बिल मालकाच्या नावावर येतं, दादा. आम्ही भाड्याबरोबर पाण्याचे पैसे देतो. या महिन्यात उशीर झाला, म्हणून त्यांनी कॉक बंद केला. त्याची पावती कोण देणार?"

नोंदवहीत देयक क्रमांकाचा रकाना कोरा राहिला, आणि पैसे आमच्या खिशातच राहिले. निघताना तिने शेजारून आणलेल्या हंड्यातले पाणी आम्हां दोघांना दिले. आम्ही ते प्यालो आणि उठलो.

त्या रविवारी मिस्सेत शोमरोनी स्त्रीचे शुभवर्तमान वाचले गेले. तहानलेल्या प्रभूपाशी पाणी काढायला पोहरादेखील नव्हता, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. आमच्या नियमाने तोही अपात्र ठरला असता.

ही चूक केवळ आमची नाही. 2000 सालच्या पटकीच्या साथीनंतर दक्षिण आफ्रिकेने 2001 मध्ये दर घराला महिना 6,000 लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आखले. आठ माणसांच्या घरात हे माणशी दिवसाला 25 लिटर होते. एका जोडणीवर अनेक बिऱ्हाडे असली, तर त्याहूनही कमी. दिल्लीत 2015 पासून महिना 20,000 लिटरपर्यंत मोफत पाण्याची सवलत लागू झाली. पण तिच्यासाठी चालू मीटर हवा. सवलत देयकाच्या मागोमाग जाते. ज्याच्या नावे देयकच नाही, त्याच्या दारी ती पोहोचत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. हक्काला जोडणी क्रमांक नसतो.

पुढे मंडळाने नियम बदलला : दोन सभासदांनी घर पाहिले, तेवढे पुरे. आम्ही पुन्हा तुंगार्लीला गेलो, तेव्हा त्या खोलीला कुलूप होते. बाई दुसरीकडे राहायला गेली होती. कुठे, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या चाळींत भाडेकरू आहेत. त्यांच्याकडून पाण्याचे पैसे घेताना निदान एक चिठ्ठी द्यावी, आणि पैसे थकले तरी कॉक बंद करू नये, एवढीच आमची विनंती आहे.