पाहुण्यांना पुणे दाखवताना

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला पुणे पाहायचे असेल, तर त्याच्या घरी पाहुणे यावे लागतात. माझेच पाहा. मी नारायण पेठेत वाढलो, पण शनिवारवाड्यात तिकीट काढून शिरलो तो पाहुण्यांबरोबर. पर्वतीच्या पायऱ्या चढलो त्याही पाहुण्यांच्या मागे धापा टाकीत. एरवी वाड्यावरून बस जाते, एवढाच काय तो माझा आणि पेशव्यांचा संबंध!

२०२४ च्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि इंदूरहून आमच्या सौभाग्यवतींची मावशी आली. सोबत मावशीची लेक आणि अकरा वर्षांची नात. मावशीने इंदुरात मुलींच्या शाळेत तीसहून अधिक वर्षे शिकवले. आता वय एक्क्याऐंशी, पण आवाजात छडी अजून आहे. आल्या दिवशीच तिने जाहीर केले, "जावईबापू, गाव पायी दाखवायचं. रिक्षातून गाव दिसत नाही, रिक्षावाल्याची पाठ दिसते."

मी रात्री बसून यादी केली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मावशीने चष्मा लावून ती उत्तरपत्रिकेसारखी तपासली आणि विचारले, "यात भिडेवाडा कुठे आहे?"

"वाटेतच आहे," मी म्हणालो. सौ. माझ्याकडे पाहून काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचे कारण पुढे सांगतो.

सकाळी साडेसातला आम्ही कसबा गणपतीपुढे उभे होतो. पुण्यात काहीही करायचे तर पहिला मान या ग्रामदैवताचा. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतसुद्धा हाच पुढे असतो. तिथून तांबट आळीत शिरलो. माझ्या यादीत ही आळी एका ओळीत उरकलेली होती. प्रत्यक्षात पाऊण तास गेला. आळीच्या तोंडाशीच ठोके ऐकू येऊ लागले. एक कारागीर तांब्याच्या घागरीवर हातोडीने ओळीने ठोके घालत होता. एकापाशी एक असे, सगळे सारखे. नात त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, घागर तर झालीय. मग मारताय कशाला?"

तो हसला. म्हणाला, "तापवलं की तांबं मऊ पडतं, बाळ. हे मठाराचे ठोके बसले की ते कडक होतं. नाही मारले, तर उचलताना पोचा येईल." मावशीने लेकीकडे पाहिले. "ऐकलंस ना? मी तुला लहानपणी उगाच नव्हते मारत." इतकी वर्षे पुण्यात राहून मी समजत होतो की ती नक्षी शोभेसाठी असते.

कसब्यातून शनिवारवाड्याकडे येताना वाड्यावाड्यांच्या अंगणांत मुलांनी केलेले मातीचे किल्ले अजून उभे होते. दिवाळी संपली म्हणून पुण्यातले किल्ले लगेच पडत नाहीत. एका गडावर अळीव उगवून वीतभर झाले होते आणि त्या रानात शिवाजीमहाराज सिंहासनासह कंबरेपर्यंत बुडाले होते. इंदूरच्या नातीला या किल्ल्याचे जेवढे नवल वाटले, तेवढे पुढे खऱ्या तटबंदीचेही वाटले नाही. त्याला कारणही आहे. शनिवारवाडा बांधून झाला १७३२ साली, पहिल्या बाजीरावाच्या हातून. आणि १८२८ च्या आगीत आतला सगळा वाडा जळून गेला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याचे दगडी कमळ. दिल्ली दरवाज्यावरचे हत्तींना अडवणारे अणकुचीदार खिळे मी मोठ्या रुबाबात दाखवले. नारायणरावांचा १७७३ मधला खून सांगितला. अमावास्येच्या हाकेची गोष्टही, घसा बसवून, यथाशक्ती सांगितली. पण आत शिरल्यावर पंचाईत. "इथे दिवाणखाना होता. इथे आरसेमहाल होता. इथे..."

"होता, होता, होता!" मावशी म्हणाली. "काही 'आहे' का, जावईबापू? आमचा राजवाडादेखील १९८४ साली जळाला. पण आम्ही तो पुन्हा उभा केला."

यावर काय बोलणार? मी सर्वांना चहाला नेले. अमृततुल्याच्या कपापुढे मात्र इंदूर निरुत्तर झाले, हे कबूल केले पाहिजे.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने नुकती उघडत होती. मावशी तिथे अडकणार हे मी गृहीत धरलेच होते. तिने नातीला व्याकरणाचे पुस्तक घेऊन दिले. नातीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिला खुलवायला मी आमच्या देवांची नावे सांगू लागलो. पासोड्या विकणाऱ्यांच्या शेजारचा तो पासोड्या विठोबा, सोनारांच्या वस्तीतला सोन्या मारुती, मिठाईच्या दुकानाशेजारचा जिलब्या मारुती. जिलब्या मारुती ऐकल्यावर तिची कळी खुलली. "त्याला पोहे पण देतात का?" तिने विचारले. इंदूरकरांना जिलबी पोह्यांवाचून सुचत नाही.

जोगेश्वरीचे दर्शन घेऊन बुधवार चौकाकडे निघालो, तशी माझी चाल मंदावली. समोर दगडूशेठ गणपतीची गर्दी, हारवाले, पेढ्यांचे पुडे, मोबाईल उंच धरून उभे असलेले भाविक. मी सर्वांना तिकडे वळवू पाहत होतो. मावशी मात्र रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी राहिली. तिथे पत्रे होते. पत्र्यांमागे मोकळी जागा.

आता ते कारण सांगतो. मावशी याआधी १९९८ साली पुण्यात आली होती, एका लग्नासाठी, दोनच दिवस. तेव्हा ती म्हणाली होती, "मला भिडेवाडा तेवढा दाखवा. मुलींची शाळा जिथे भरली, ती जागा." मी म्हणालो, "काय पाहायचंय त्यात, मावशी? खाली दुकानं आहेत, वर पडकी माडी आहे. पुढच्या वेळी बघू." आणि मी तिला सारसबाग दाखवली, लक्ष्मी रस्त्यावर साड्या दाखवल्या, सिंहगडावर नेऊन पिठले-भाकरी खाऊ घातली. ती पाहुणी. पाहुण्याने हट्ट किती करायचा? गप्प बसली. तो वाडा त्यानंतर पंचवीस वर्षे तसाच पडत राहिला. मी आठवड्यातून दोनदा त्याच्यापुढून जात होतो. जागेचा दावा न्यायालयात चालला, निकाल लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत, स्मारकासाठी, उरलासुरला वाडा पाडण्यात आला. मावशीची "पुढची वेळ" उजाडली ती त्यानंतर अकरा महिन्यांनी.

"मावशी," मी म्हणालो, "तो वाडा... आता..."

"माहीत आहे. वाचलं होतं मी," ती म्हणाली. "जागा तर कुणी उचलून नेली नाही ना?"

तिने नातीला जवळ बोलावले. हारवाले ओरडत होते, रिक्षा भोंगे वाजवीत होत्या, आणि त्या गोंगाटात मावशीने वर्गात सांगावे तसे सांगितले: १८४८ साली भिडे नावाच्या गृहस्थांनी आपल्या वाड्यात जागा दिली. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला सावित्रीबाई. वय सतरा. अंगावर चिखल-शेण फेकत, म्हणून त्या जास्तीचे एक लुगडे बरोबर नेत, असे सांगतात.

"सतरा? म्हणजे ताईएवढी?" नातीने विचारले. तिची थोरली बहीण बारावीत आहे.

"ताईएवढी," मावशी म्हणाली. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. मी पत्र्याकडे पाहत उभा होतो. शनिवारवाड्यात जे नव्हते ते तासभर दाखवताना माझी जीभ अडखळली नाही. इथे मात्र "इथे होता" हे दोन शब्द काही केल्या तोंडून निघेनात. शनिवारवाडा जळाला तेव्हा मी नव्हतो. हा पडत होता तेव्हा होतो.

पुढे तुळशीबाग लागली. नारो अप्पाजींच्या राममंदिराचा इतिहास ऐकवण्याचा माझा बेत होता, पण मावशीची लेक आणि आमची सौ. बांगड्यांच्या दुकानांत ज्या अदृश्य झाल्या, त्या दीड तासाने चार पिशव्यांसह उगवल्या. तोवर मावशीला मी मंडईत नेले. ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ ची. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले होते. जोतीराव फुल्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. आणि आज तिचे नाव महात्मा फुले मंडई! मावशी हे ऐकून इतकी हसली की भाजीवाल्या बाईने मेथीची जुडी हातात धरून तिच्याकडे पाहिले.

"मग त्यांचं स्वतःचं घर कुठे आहे? ते तरी उभं आहे ना?"

ते माझ्या यादीत नव्हते. खरे सांगायचे तर मीही ते आतून पाहिलेले नव्हते. उन्हे डोक्यावर आली होती, दुकानदार वामकुक्षीसाठी फळ्या लावू लागले होते. मी म्हणालो, "गंज पेठेत आहे, पण लांब पडेल. मंडईत भुयारी मेट्रो सुरू होऊन महिना झालाय, तीच पाहू. सरकता जिना आहे, गारवा आहे. फुलेवाडा पुढच्या..."

सौ.ने पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी वाक्य तिथेच तोडले.

गंज पेठेत मला दोनदा पत्ता विचारावा लागला. पहिल्या गृहस्थाने मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "बाहेरगावचे का?" मी हो म्हणून टाकले.

घर लहानसे, कौलारू, नीट राखलेले. जुन्या लाकडाचे खांब, अंगण, जोतीरावांची समाधी. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला, हे मी तिथे सांगितले. तेवढे मला शाळेत शिकवलेले आठवत होते. मावशीने चपला काढल्या. एका हाताने भिंतीचा आधार घेत ती पायरीवर टेकली, आणि पिशवीतले नवे व्याकरणाचे पुस्तक काढून नातीला म्हणाली, "वाच पाहू पहिलं पान. मोठ्यानं."

नातीने कुरकुरत वाचायला सुरुवात केली. नाम, सर्वनाम, विशेषण. दुसरे कोणी पाहायला आलेले नव्हते. मावशीने मध्ये एकदाच तिचा उच्चार सुधारला.

परतताना ती रिक्षात बसली. पाय सुजले होते. "त्या जागेवर स्मारक झालं की कळवा," ती म्हणाली. "मग येईन."

"कळवतो की," मी म्हणालो. घरी आल्यावर मी कॅलेंडर काढले आणि तिचा इंदूरचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या मागे लिहून ठेवला.