दोन झाडांमधलं अंतर

दोंडाईच्याच्या बाजारात ताडपत्री हव्या त्या मापाची कापून मिळते, नायलॉनचा दोर किलोवर मिळतो. तंबू मात्र बाहेरून मागवावा लागतो. भाच्याने नाशिकहून दोन माणसांचा, सव्वादोन किलो वजनाचा घुमटाकार तंबू आणला आणि त्याच सुमाराला मी हॅमॉक मागवला. हॅमॉक म्हणजे आपली झोळीच, पण मोठ्या माणसाची, पॅराशूटच्या कापडाची. घडी घातली की नारळाएवढी होते. मग आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच विषय: लांब पायी जायचं तर पाठीवर काय घ्यायचं?

विषय नुसता हौसेचा नव्हता. आमच्याकडे माणसं खरोखर चालतात. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर उत्सव असतो आणि खानदेशातून पायी जाणाऱ्यांच्या रांगा लागतात. आमची वाट निजामपूर, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, कळवण आणि मग नांदुरीहून गड. होळीला आमच्यातले काही जण उलट दिशेला निघतात, तापी ओलांडून सातपुड्यात.

भाचा सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मामा, तंबू कुठेही लागतो. तुमच्या झोळीला दोन झाडं लागतात, तीही मापात." माझा पक्ष वजनाचा. झोळी, झाडाला गुंडाळायचे पट्टे आणि वर ताणायची हलकी ताडपत्री, सगळं मिळून सव्वा किलोच्या आत. मी त्याला एम्मा गेटवूडची गोष्ट ऐकवली. अमेरिकेतली ही आजी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल हा सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा डोंगरी मार्ग एकटी चालली. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पाऊस आला की न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा अंगावर घ्यायची. भाचा म्हणाला, "तिच्याकडे झोळीही नव्हती, मामा." यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नाही.

झोळी बांधायचं एक तंत्र आहे आणि ते आपल्या अंदाजाच्या नेमकं उलट आहे. दोर ताठ ओढला की झोप चांगली लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोर सैल हवा, आडव्या रेषेशी साधारण तीस अंशांचा कोन करील इतका. हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून पिस्तूल धरल्यासारखी केली आणि दोर त्या दोन टोकांवरून गेला की झालं. सत्तर किलोचा माणूस या कोनात निजला तर प्रत्येक दोरावर जेमतेम सत्तर किलोचा ताण येतो. तोच दोर तटतटून ओढला, कोन दहा अंशांवर आला, की ताण दोनशे किलोवर जातो. मग गाठ सुटते, शिवण उसवते, नाहीतर झाडाची साल सोलते. निजायचंही कर्णाच्या दिशेने, तिरपं. तसं निजलं की पाठ जवळपास सपाट राहते. बाजारातल्या बहुतेक झोळ्या नऊ फुटांच्या, आणि त्यात तिरपं व्हायला जागाच पुरत नाही. म्हणून मी आमच्या शिंप्याकडून अकरा फुटांची शिवून घेतली. त्याने कापड हातात घेऊन गंभीरपणे विचारलं, "साहेब, याला फॉल-पिको करायचं का?"

चैत्रातल्या चालण्याचं वेळापत्रक बाहेरच्या माणसाला चक्रम वाटेल. पहाटे तीन-साडेतीनला उठायचं, दहाच्या आत जेवढं कापता येईल तेवढं कापायचं, मग थांबायचं. उन्हं कलली की पुन्हा निघायचं ते रात्री उशिरापर्यंत. पारा बेचाळीसच्या वर असतो, डांबर चपलेला चिकटतं. म्हणजे मोठी झोप भर दुपारची. लांब चालण्यावरचे सगळे सल्ले रात्रीच्या मुक्कामाचे असतात. आम्हाला हवी होती दुपारी बारा ते चारची सोय.

तंबूचा निकाल तिथे दहा मिनिटांत लागला. निजामपूरच्या पुढे एका शाळेच्या मैदानात भाच्याने तो उभा केला, आत जाऊन पडला आणि भिजलेल्या बनियनने बाहेर आला. कापडाच्या आत कोंडलेली हवा बाहेरच्या उन्हापेक्षा वाईट. शिवाय जमीन. काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की खुंटी ठोकली तर भेगेत शिरते आणि दोर ओढला की तशीच वर येते. वावरात जावं तर कपाशी काढल्यानंतरचे पऱ्हाट्यांचे खुंट तळाच्या कापडातून वर येतात. रस्त्याच्या कडेला सराटे.

झोळीला खालून वारा लागतो. कडुनिंबाच्या सावलीत, जमिनीपासून दीड हातावर, दुपारी एक वाजता घाम वाळायला लागतो तेव्हा माणूस वाद जिंकल्यासारखा दिसतो. मी तसा दिसत असणार, कारण शेजारी शेळ्या घेऊन बसलेल्या म्हातारीने बराच वेळ निरखून विचारलं, "भाऊ, झोयी ते बांधी, पोऱ्या कोठे शे?" आमच्या जथ्यातल्या बायका पदराआड हसत होत्या. मीच पोऱ्या, असं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

पण दोन झाडं! आपण झाडांच्या मुलखात राहतो की नाही, हे झोळी पाठीवर घेतल्यावर कळतं. साक्रीजवळ सुरत–नागपूर महामार्ग लागतो. चौपदरीकरणात त्याच्या कडेची जुनी झाडं गेली. आतल्या रस्त्यांना झाडं आहेत, पण झोळीला बारा ते पंधरा फुटांवरची जोडी लागते. आणि जोडी सापडली तरी ती आपल्याला लाभेलच असं नाही. आमच्या जथ्याचे पुढारी आप्पा. त्यांच्या हिशेबात पिंपळ बाद: "तठे मुंजा ऱ्हास." उंबर दत्ताचा, त्याला दोर गुंडाळायचा नाही. चिंचेखाली झोपायचं नाही, का ते विचारायचं नाही. वडाचं खोड इतकं जाड की माझा पट्टा पुरत नाही. बाभळीला काटे. आंब्याला चैत्रात कैऱ्या लागलेल्या, तिथे दोर घेऊन फिरणारा माणूस मालकाला कसा दिसत असेल हे सांगायला नको. उरला कडुनिंब, आणि दोन कडुनिंब शेजारी-शेजारी कोण लावतो? पिंपळनेरच्या पुढे मी एका मारुतीच्या सभामंडपाच्या खांबांना झोळी बांधली. पुजारीबुवा नम्रपणे म्हणाले, "दादा, पाय देवाकडे येताहेत." दिशा उलटी केली तर डोकं दारात आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का. शेवटी मंडपातल्या फरशीवर सतरंजी टाकली. फरशी थंडगार होती, हेही खरं.

तंबूची खरी किंमत त्याच वाटेवर कळली, आणि ती आम्हा पुरुषांना कळली नाही. पायी यात्रेत अन्नाची ददात नसते. वाटेत जागोजागी भंडारे असतात, सरबताचे पिंप असतात. बायकांना आडोसा नसतो. बोअरवर अंघोळ करायची, ओलं लुगडं बदलायचं, तर चार जणींनी चादर धरून उभं राहायचं. दुसऱ्या मुक्कामावर भाच्याच्या मावशीने विचारलं, "तुझं ते फुगीर घर आम्हाला दे रे जरा." तेव्हापासून तंबू दर मुक्कामाला सगळ्यांत आधी उभा राहायचा आणि त्यात झोपायला कुणीच जात नसे. सव्वादोन किलो वजन भाच्याने गडापर्यंत कुरकुर न करता वाहिलं. माझ्या झोळीचा असा उपयोग कुणाला झाला नाही, हे त्याने परतताना मला दोनदा ऐकवलं.

पुढच्या होळीला आम्ही दोघंच निघालो, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी गाठायला. सारंगखेड्याला तापी ओलांडली की शहाद्यापर्यंत हिरवाच हिरवा मुलूख: केळी, पपई, ऊस. हजारो खोडं डोळ्यांसमोर आणि दोर बांधायला एकही नाही. केळीला बांधलं तर माणूस आणि घड एकदमच खाली येतील. पपईचं खोड तर आतून पोकळ. शिवाय उसाच्या पट्ट्यात बिबट्या. एका शेतकऱ्याने माझ्या झोळीकडे बघून सांगितलं, "भाऊ, असं टांगलेलं ठेवू नका, त्याला वाकायची पण गरज नाही." त्या रात्री आम्ही त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांशेजारी झोपलो. झोळी नाही, तंबू नाही.

म्हसावद सोडून घाटाला लागलो आणि पारडं फिरलं. डोंगरात सपाट जमीन म्हणजे कुणाचं तरी शेत नाहीतर अंगण. तंबूला तीच लागते. झोळीला उतार चालतो, दगड चालतात, खाली काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर विचारून मुक्काम केला. पाड्याखाली मोहाची झाडं होती आणि त्यांच्याखालची जमीन झाडून, पाला जाळून, लख्ख केलेली. मार्चमध्ये मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून ही तयारी. प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं. भाच्याला ती जागा पाहून मोह झाला, पण घरमालकाने मान हलवली. ते त्याचं पिकाचं रान होतं. तंबू बाजूच्या उतारावर लागला. मला एक मोह आणि एक साग दाखवण्यात आला. सागाची साल जपायला मी पट्ट्याखाली टॉवेल घातला, तो घरमालकाने दोन बोटांनी चाचपून पाहिला आणि आत जाऊन बाज आणून शेजारी टाकली. झोळी तुटली तर माणूस बाजेवर पडावा, असा त्याचा विचार असावा. मोहावर अस्वल येतं म्हणून त्याने रात्रभर शेकोटीही ठेवली.

पहाटे फुलं गळायला लागली. ताडपत्री मी उशाकडच्या बाजूला अर्धीच ताणली होती, त्यामुळे डोक्यावर टप टप आणि पायांवर मऊ, ओलसर, गोड वासाची फुलं. उजाडायच्या आत घरातली बाई टोपली घेऊन आली, मागे दोन पोरं. खालची फुलं वेचून झाल्यावर धाकटा माझ्यापाशी आला, थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि मग झोळीची कड धरून त्याने माझ्या पायांवरची फुलं एकेक करून उचलली. ती त्यांच्याच झाडाची होती ना. मी हललो नाही. तिकडे भाचा रात्रभर घसरत घसरत तंबूच्या दारापाशी गोळा झाला होता आणि त्याच्या पिशवीतल्या वस्तू त्याच्याही खाली.

काठीला मुक्कामाचा प्रश्नच येत नाही. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरं बांधून अंगावर नक्षी काढलेले बुध्या, आणि होळी पेटते ती पहाटे. तिथे झोपायला गेलेला माणूस काठीला गेलाच नाही म्हणायचा.

थंडीत झोळीचं नाव काढू नये. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत आमच्याकडे पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर जातो. स्लीपिंग बॅगमधला भराव पाठीखाली दबून चपटा होतो आणि उन्हाळ्यात जो वारा अमृत वाटला तोच मध्यरात्री कण्यातून वर चढतो. उपाय आहे: झोळीच्या खाली, बाहेरून, गोधडी लटकवायची, म्हणजे ती दाबली जात नाही. मी आईची गोधडी नाड्याने तशी बांधली आणि मस्त झोपलो. पण त्या गोधडीचं वजन भाच्याच्या अख्ख्या तंबूपेक्षा जास्त भरलं.

आता आमच्यात भांडण राहिलेलं नाही. डोंगरात झोळी, थंडीत तंबू, चैत्रात दोन्ही: तंबू बायकांसाठी, झोळी दुपारसाठी. अडचण वेगळीच उभी राहिली आहे. गेल्या चैत्रात कळवणच्या मुक्कामी आप्पा सहज म्हणून माझ्या झोळीत बसले. त्यांचे गुडघे गेलेले. जमिनीवरून उठायचं तर दोघांनी हात द्यावा लागतो. झोळीतून ते खुर्चीतून उठावं तसे एकटे उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग तिरपे होऊन जे घोरायला लागले ते चार वाजेपर्यंत. गडापर्यंत ती त्यांच्याचकडे राहिली आणि मी फरशा शोधत हिंडलो. यंदा जथ्यातल्या आणखी तीन गुडघेवाल्यांनी शिंप्याकडे माप दिलंय. एका ओळीत चार झोळ्या बांधायच्या तर मापातली किमान पाच झाडं लागतील. आप्पांनी रामनवमीच्या आधी मोटारसायकलवर साक्रीपर्यंत जाऊन ती हेरून ठेवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. पिंपळ सोडून.