काखेत बंदर, गावाला वळसा

गेले तीन शनिवार मी एकाच प्रश्नावर घालवलेत. अलास्काची क्रूझ पकडायची कुठून?

प्रश्न बावळट वाटेल, कारण मी राहतो सिअ‍ॅटलमध्ये. उन्हाळाभर शनिवार-रविवारी दुपारी पांढरीशुभ्र, इमारतीएवढी जहाजं इथून अलास्काला निघतात. केरी पार्कात उभं राहिलं की ती फुकटात बघायला मिळतात. माझ्या घरापासून पिअर ९१ टॅक्सीने वीस मिनिटं. मग विचार कसला करायचा?

मीही केला नव्हता. आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत. बाबांना हिमनदी बघायचीय, वर्षानुवर्षं टीव्हीवर बघून बघून डोक्यात बसलेली. मी सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल अशी सात रात्रींची क्रूझ हेरली, बाल्कनीवाली खोली निवडली, एक्सेल शीट बनवली (आमच्या जमातीत प्रेम एक्सेलमध्येच व्यक्त होतं) आणि फोनवर ऐटीत जाहीर केलं. बाबा खूष. लगेच माकडटोपी शोधायला लागले. आई म्हणाली, "छान."

आई नुसतं "छान" म्हणते तेव्हा काहीतरी छान नसतं, हे कळायला मला दोन दिवस लागले. शेवटी बाबांनीच फोडलं. "अरे, तिने अ‍ॅव्होमिनच्या चार पट्ट्या आणून ठेवल्यात. आणि आवळासुपारी वाळत घातलीय."

आईला बोट लागते. तिचं आजोळ जयगडजवळ. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचे सगळे. ती रात्रभर डेकवर पालथी पडून असायची म्हणे, आणि पहाटे बोट भर समुद्रात उभी राहिली की तिला उचलून खालच्या हलत्या पडावात सोडायचे. हे सगळं तिने मला हसत हसत कितीतरी वेळा सांगितलंय. मी ते मजेशीर गोष्ट म्हणूनच ऐकत आलो. बाबांची हिमनदी हुकू नये म्हणून ही बाई सात दिवस गोळ्या खाऊन पडून राहायला तयार होती. आणि मला पत्ता नाही!

मग पहिल्यांदा मी नकाशा नीट उघडला.

झालंय असं, की सिअ‍ॅटल आणि अलास्का यांच्या मध्ये व्हँकूव्हर बेट आडवं पडलंय, साधारण साडेचारशे किलोमीटर लांब. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक मोठी जहाजं हुआन दे फुका सामुद्रधुनीतून पश्चिमेला बाहेर पडतात आणि बेटाच्या बाहेरून, म्हणजे सरळ पॅसिफिकमधून, वर चढतात. पहिला पूर्ण दिवस समुद्रात आणि डाव्या हाताला थेट जपानपर्यंत अडवायला काही नाही. उलट व्हँकूव्हर शहरातून निघालेलं जहाज बेटाच्या आतल्या बाजूने जातं. दोन्हीकडे डोंगर, मध्ये अरुंद पाणी. यालाच इनसाइड पॅसेज म्हणतात. त्यात सेमूर नॅरोज नावाची एक खिंड आहे. तिथे भरती-ओहोटीचा ओढ पंधरा नॉट्सपर्यंत जातो, त्यामुळे मोठी जहाजं पाणी थबकण्याची वेळ साधून जातात. पूर्वी तिथे रिपल रॉक नावाचा जोडशिखरांचा खडक पाण्याखाली दबा धरून होता. कितीतरी जहाजं त्याने गिळली. शेवटी १९५८ साली खालून बोगदा खणून सुरुंगाने तो उडवला. (हा व्हिडिओ बघण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला. असो.)

म्हणजे आईसाठी व्हँकूव्हर. पण माझ्या शीटमध्ये सिअ‍ॅटलच्या रकान्यात एक हुकमी मुद्दा होता: अमेरिकेतून अमेरिकेत, म्हणजे कॅनडाच्या व्हिसाची कटकट नाही. तेवढ्यात कार्यक्रमातली शेवटची संध्याकाळ वाचली. मुक्काम: व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया. काही तासांसाठी, तेही रात्री. च्यायला, हे कुठून आलं?

हे आलं १८८६ सालातून. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा सांगतो, की परदेशी जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून अमेरिकेतच सोडायचे असतील, तर मध्ये परदेशी बंदर लागलं पाहिजे. ही सगळी तरंगती हॉटेलं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली. म्हणून बिचारी व्हिक्टोरियाला हात लावून येतात, लपंडावात भोज्याला शिवल्यासारखी. २०२१ मध्ये करोनामुळे कॅनडाची बंदरं बंद होती, तेव्हा अमेरिकन संसदेला खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली, तेव्हा कुठे ती जहाजं निघाली. सव्वाशेहून जास्त वर्षं जुना कोड, कोणी रिफॅक्टर करायला धजत नाही, वर तात्पुरता पॅच... ओळखीचं वाटलं.

मुद्दा असा, की भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा दोन्हीकडे लागतोच. खाली उतरा नाहीतर खोलीत झोपा. हुकमी मुद्दा गेला आणि शीट कोसळली.

तिसरा पर्याय ऑफिसातल्या एका अनुभवी मित्राचा: व्हँकूव्हरहून एकमार्गी थेट व्हिटियर किंवा स्यूअर्डला जा, वर अलास्का आतून बघ. व्हिटियरला पोचायचा चार किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातल्या एकाच लेनमधून आळीपाळीने गाड्या आणि रेल्वे जातात. त्यासाठी तरी जावं असं मला वाटलं होतं. पण त्या वाटेवर अलास्काचं आखात उघड्यावर ओलांडायचं, शिवाय परतीचं विमान अँकरेजहून. बाबांचे गुडघे आणि आईचं पोट, दोन्ही नाही म्हणाले. पुढच्या खेपेला, एकट्याने.

तर ठरलं व्हँकूव्हर ते व्हँकूव्हर. एक रात्र हॉटेलची जास्त, अडीच-तीन तास ड्रायव्हिंग, शिवाय सीमेवरची रांग. डोळ्यासमोरून जहाजं जाताना गाडी घेऊन दुसऱ्या देशात जायचं, तिथून जहाजात बसून माझ्याच देशाच्या... म्हणजे मी राहतो त्या देशाच्या दिशेने यायचं. मित्र हसतात. हसू देत. पुण्यात दोघांच्या बोटांचे ठसेही देऊन झाले.

काल आईला व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवला. खोटं सांगितलं नाही. बेट संपलं की क्वीन शार्लट साउंडचा तुकडा उघडा आहे, तिथे काही तास हलणार, जाताना आणि येताना. तेवढ्यापुरती गोळी घे. तिने चष्मा लावून बारकाईने बघितलं. डोंगर, खाडी, परत डोंगर.

"हे तर आपल्या खाडीसारखंच आहे रे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि उतरताना? पडाव असतो का?"

म्हटलं नाही, केचिकान, ज्युनो, स्कॅगवे, सगळीकडे जहाज सहसा धक्क्यालाच लागतं. चालत उतरायचं.

"मग यांना सांग, त्या माकडटोपीच्या खरेदीतच माझ्यासाठी पण एक घ्या म्हणावं."