रौद्राचे सोंग

भरताने आठ रस सांगितले आणि प्रत्येकाला एकेक स्थायीभाव दिला, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. रौद्राचा स्थायीभाव क्रोध. त्या क्रोधाला विभाव हवा : कुणी अपमान केलेला असतो, कुणी द्रोह केलेला असतो, कुणीतरी समोर उभा असतो. लाल डोळे, कुटिल भुवया, चावलेले ओठ हे त्यानंतरचे अनुभाव. विभाव काढून घेतला आणि अनुभाव तेवढे ठेवले, तर उरतो तो रस नव्हे, नुसता आविर्भाव. हे समजावताना नाटकातले उदाहरण पुरत नाही, कारण वाईट नटाचे नाव घेतले की चर्चा नटावर जाते. अलीकडे मी एक वेगळे उदाहरण देतो. रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीच्या तोंडाकडे बघा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ती कुणावर रागावली आहे?

वर्गात हशा पिकतो. पण मोटारीला तोंड असते ही केवळ कविकल्पना नाही. व्हिएन्ना विद्यापीठातील सोन्या विंडहेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चाळीस माणसांना अडतीस मोटारींची पुढची बाजू दाखवली होती. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे नाक किंवा तोंड, असे वाचन बहुतेकांनी आपसूक केले; इतकेच नव्हे, तर कोणती मोटार लहान मूल वाटते आणि कोणती प्रौढ, उर्मट, दबंग, याबद्दलही त्यांच्यात बरेच एकमत झाले. पुढे २०१२ मध्ये याच मंडळींनी ऑस्ट्रियातील लोकांची मते इथिओपियाच्या ग्रामीण भागातील लोकांच्या मतांशी ताडून पाहिली. मोटारींच्या जाहिराती आणि कंपन्यांची ख्याती ज्यांच्यापर्यंत फारशी पोहोचली नव्हती, त्या माणसांनीही ते चेहरे जवळपास तसेच वाचले. म्हणजे हे वाचन जाहिरातींनी शिकवलेले नाही. निदान सगळे तरी नाही.

बालरूप कशाने ठरते, हे त्याआधी कोनराड लोरेंत्सने १९४३ साली मांडले होते : मोठे डोळे, उंच कपाळ, गोल गाल, आखूड अवयव. छोट्या मोटारीला हे सारे न मागता मिळते. तिचे दिवे अंगाच्या मानाने मोठे दिसतात आणि बांधा आटोपशीर असतो. छोट्या स्पोर्ट्स कारचा इतिहास पाहिला तर तिने हे बाळसे बराच काळ आनंदाने मिरवले आहे. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचे दिवे बॉनेटवर असे बसवले होते की इंग्रजांनी तिला बेडूकडोळी म्हटले, आणि ते लाडाने म्हटले. १९८९ च्या माझ्दा मियाटाचे दिवे झाकणातून वर यायचे आणि ती हसतमुख दिसायची. त्याच गाडीची चौथी पिढी २०१४ मध्ये पुढे आली तेव्हा डोळे बारीक झाले होते. पाव शतकात त्या लेकराने डोळे किलकिले करून रोखायला शिकून घेतले.

कारखान्याने जे केले नाही ते गॅरेजवाला करून देतो. त्याची कृती ठरलेली आहे. गाडी खाली बसवायची, चाके मोठी घालायची, चाकांवरच्या कमानी बाहेर फुगवायच्या. दिव्यांच्या वरच्या कडेवर तिरकी पट्टी बसवायची, म्हणजे भुवई आली. जाळी काळी करायची, म्हणजे तोंड वासले. खाली एक पातळ ओठ पुढे काढायचा, म्हणजे हनुवटी आली. महिंद्रा थारचे दिवे मुळात गोल. तिच्यासाठी बाजारात जी जाळी मिळते तिचे नावच ‘अँग्री’ आहे. ती गोल दिव्यांचा वरचा भाग तिरका झाकते आणि क्षणात शांत चेहरा खुनशी होतो. या सगळ्याने इंजिनाची ताकद एका अश्वानेही वाढत नाही.

माझ्या भाच्याने नाशिकला एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली, तेव्हा ही सारी परिभाषा माझ्या घरात आली. ही गाडी गोव्यात बनलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची. तिला रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन आहे आणि अंग फायबरचे आहे. देशी स्पोर्ट्स कारची गोष्ट निघाली की पुढे दिलीप छाब्रियांची २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेली अवंती आठवते. ती जन्मतःच उग्र होती. सॅन स्टॉर्म तशी नव्हे. ती गोलसर, गुळगुळीत, काहीशी लाजरी. भाच्याला ती लाजरी नको होती.

“मामा, हिला रस्त्यावर कुणी मोजतच नाही,” तो म्हणाला. “ट्रकवाले सरळ अंगावर घालतात. जरा खुंखार दिसली तर निदान बघतील तरी.”

हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले, कारण त्यात विभाव होता. अवहेलना हे क्रोधाचे शास्त्रमान्य कारण आहे. तेव्हा त्याच्या हौसेला पोरखेळ म्हणून मोडीत काढणे मला बरे वाटले नाही. दोन-तीन रविवार मी त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो. फायबरचे काम पाहण्यासारखे असते. आधी हवा तो आकार साच्यात घडवायचा, मग त्यावर काचतंतूंची चटई अंथरून ब्रशने रेझिन पाजायचे, वाळले की दुसरा थर, मग तिसरा. पुढे लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा. ते पाहताना मला सारखे जव्हार-मोखाड्याचे मुखवटे आठवत होते. तिथेही मातीचा आकार घडवतात, खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर चढवतात, वाळवतात आणि शेवटी रंगात डोळे उघडतात. लाकडाचे मुखवटे वेगळे. पण कागदाच्या मुखवट्याची आणि फायबरच्या भुवईची कारागिरी सख्ख्या बहिणींसारखी आहे.

ज्यांनी बोहाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिमग्यानंतर, पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्याच्या या डोंगरी भागात गावोगाव रात्री सोंगे निघतात. संबळ वाजत असते, टेंभ्यांचा उजेड असतो, आणि गावच्या वाटेवर एकेक मुखवटा नाचत येतो. आधी गणपती, शारदा. मग रात्र चढेल तशी राक्षसांची आणि देवांची रांग. अखेरीस देवी आणि महिषासुर यांचे युद्ध. सोंगाचा मान ठरलेला असतो, बहुधा घराण्यात चालत आलेला. सोंग घेणाऱ्याला मुखवट्याआडून नीट दिसत नाही. उजेड धरणारे आणि वाट करून देणारे त्याच्या सोबत असतात. आपला चेहरा किती भयंकर आहे हे त्याला दिसत नाही, ते पाहणाऱ्यांना दिसते. गाडी चालवणाऱ्याचेही तसेच. तिच्या रागाचा तो मालक असतो, प्रेक्षक नसतो.

मात्र दोन्ही रागांचा डोळा वेगळा आहे. मराठीत रागावलेला माणूस डोळे वटारतो, बुबुळे मोठी करतो. बोहाड्यातल्या राक्षसाचे डोळेही तसेच : गोल, बाहेर आलेले, पांढऱ्यावर काळे ठसठशीत. हा उघडा राग आहे. तो आला आहे हे सांगून येतो. मोटारीचा राग याच्या उलट डोळे बारीक करतो. झडप घालण्याआधी अंतर मोजणाऱ्या जनावराचा तो डोळा. त्याला रागापेक्षा शिकार म्हणणे जास्त बरोबर. कुटिल भुवई दोघांना समान, पण एकात क्रोध आहे आणि दुसऱ्यात नेम आहे. गोल दिव्यांना आपण ‘गोंडस’ म्हणून झाकतो, तेव्हा आपल्याच परंपरेतला सर्वांत भयंकर डोळा गोल होता, हे आपल्या लक्षात राहत नाही.

भाच्याची गाडी मी वावरला दोनदा गेलेली पाहिली. वावर हे जव्हार तालुक्यातले गाव. नाशिककडे वावर म्हणजे शेत. पण महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला हे नाव ‘वावर-वांगणी’ या जोडनावानेच ठाऊक आहे. १९९२ साली इथे कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. राज्य हादरले, मंत्र्यांचे दौरे झाले आणि एका भुकेल्या मुलाचा चेहरा या गावावर कायमचा बसला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. चेहरा तोच राहिला. माझा एक विद्यार्थी तिथला. पहिल्या दिवशी गाव विचारले तर तो फक्त तालुका सांगायचा. पुढे ओळख झाल्यावर म्हणाला, “सर, वावर म्हटलं की लोक माझ्या तब्येतीकडे बघतात.” दुसऱ्यांनी चढवलेला मुखवटा असा असतो. तो उतरवण्याचा अधिकारही घालणाऱ्याकडे नसतो.

त्याच्याच घरी आम्ही गेलो होतो. पहिल्या वेळी गाडी मूळ रूपात होती. तोरंगण घाट उतरून, मोखाडा मागे टाकून, आम्ही संध्याकाळी पोहोचलो. मुले आली, दिव्यांवरून हात फिरवले, एकीने आपले तोंड दिव्याच्या काचेत पाहून घेतले. दुसऱ्या वेळी गाडीला भुवया होत्या, काळे वासलेले तोंड होते, फुगलेल्या कमानी होत्या. मुले आली, पण पाच-सहा हातांवर थांबली. घाबरली असे म्हणणार नाही. बोहाड्याचे राक्षस पाहत वाढलेली मुले प्लास्टिकच्या पट्टीला भीत नाहीत. त्यांनी अंतर राखले एवढेच. भाचा खूश झाला.

माझा विद्यार्थी मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि त्याने विचारले, “हिचं सोंग उतरतं कधी?”

मी या प्रश्नावर अजून विचार करतो आहे. बोहाड्यातला उग्र चेहरा एका रात्रीचा असतो. त्याला समोर प्रतिपक्ष असतो. महिषासुराला देवी असते, आणि शेवट दोघांनाही ठाऊक असतो. उजाडले की मुखवटा उतरतो आणि तो घालणारा माणूस आपल्या कामाला लागतो. गावाने रागाला जागा दिली, वेळ दिली, कथा दिली, आणि मग त्याला घरी पाठवले. गाडीचा राग सकाळी दूध आणायला जातानाही तोच असतो, दवाखान्यासमोर उभा असतानाही तोच. त्याला कथा नाही. म्हणून तो रौद्र होत नाही.

भाच्याकडे विभाव होता, हे मी वर मान्य केले आहे. ट्रकवाले त्याला खरोखरच मोजत नव्हते. पण हा राग पोहोचतो कुणापर्यंत? ट्रकचा चालक उंचावर बसतो. जमिनीलगतची ही गाडी त्याला दिसली तर टपाकडून, तिची भुवई त्याला दिसतही नाही. ती भुवई, ते वासलेले तोंड नेमके ज्याच्या डोळ्यांसमोर येते तो असतो चालणारा माणूस, किंवा त्याहून नेमके म्हणजे सहा-सात वर्षांचे मूल. वरच्याने केलेल्या अवहेलनेचे उत्तर खालच्याला मिळते. आपल्या समाजात रागाचा प्रवास बहुधा याच दिशेने होतो. कथा-कादंबऱ्यांतून तो आपण वर्गात शिकवतोही. मोटारीच्या तोंडावर तो फायबरमध्ये ओतलेला दिसतो.

कायद्याला हा राग दिसत नाही. त्याला मापे दिसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. पुढे लावायच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, कारण ज्याला धडक बसते त्या पादचाऱ्याला त्या दांड्या अधिक इजा करतात. न्यायालयाला आणि मंत्रालयाला रसचर्चेशी कर्तव्य नव्हते. तरी त्यांनी प्रश्न बरोबर विचारला : समोरच्याचे काय?

जव्हारहून आत जाणारे रस्ते अरुंद आहेत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार, आणि डांबराच्या कडेला हातभर माती. डोक्यावर हंडा किंवा मोळी घेतलेल्या बाया त्या मातीवरून एकीमागे एक चालतात. त्या मान वळवू शकत नाहीत, म्हणून गाडीचा चेहरा त्यांना दिसतच नाही. मागून आवाज येतो आणि त्या जरा कडेला सरकतात. भाच्याने कमानी फुगवल्या तेव्हा गाडी दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच रुंद झाली. त्या रस्त्यावर ते दोन इंच मातीच्या त्या पट्टीतून येतात.